स्पिरिटेड अवे : तुम्ही कुठे थबकलात?

हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' हा ॲनिमेशनपट जपानमध्ये २० जुलै २००१ला लागला. आपल्याकडे बहुतेकांनी तो बराच उशिरा पाहिला. कुणी कॉलेजात मित्राच्या हार्ड डिस्कवरून, कुणी २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आला तेव्हा, घरात कोंडलेले असताना. बर्लिनचं सुवर्ण अस्वल (२००२), ऑस्कर (२००३), जपानमधले कमाईचे विक्रम हे कुठेही वाचायला मिळतं, त्यामुळे इथे ते नको. पाहताना तुमचं काय झालं ते लिहा. कोणत्या प्रसंगाला थबकलात, शेजारी कोण होतं, कंटाळा आला असेल तर कुठे आला. नुसतं 'अप्रतिम, हॅट्स ऑफ' लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

माहीत नसलेल्यांसाठी: दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नव्या गावी राहायला निघाली आहे. वाट चुकून तिघं एका बोगद्यापलीकडे पोचतात. तिथे देवांचं न्हाणीघर आहे, थकलेभागले लहानमोठे देव रात्री अंघोळीला येतात. आईबाबांची डुकरं होतात आणि मालकीण युबाबा चिहिरोचं नाव काढून घेऊन तिला कामाला ठेवते. यापुढे सगळी गोष्ट फोडलेली असेल.

*

नाशिक. मुलगा सहा वर्षांचा. कार्टून म्हणून लावून दिला आणि मी मटार सोलत बसले. ते आईबाबा ओसाड बाजारातल्या दुकानात शिरतात, आत चिटपाखरू नाही, तरी ताटं भरून घेतात. बाबा म्हणतात, काळजी नको, कार्ड आहे, रोख पण आहे. तिथेच पोराने माझ्याकडे पाहिलं. डुकरं झाली तेव्हा तो ओरडला नाही की रडला नाही. उठला आणि टीव्ही बंद केला.

नंतर बरेच दिवस हॉटेलात गेलो की ह्यांनी पापडाला हात लावायच्या आत "बाबा, आधी विचारा". उरलेला सिनेमा त्याने स्वतःहून मागितला, पण डुकरांची परत माणसं होतात का हे आधी पक्कं करून घेतलं. लहान मुलांना दाखवणार असाल तर सरळ सांगून टाका की होतात. रहस्य गेलं तर जाऊ दे.

*

मी पुण्यात कॉल सेंटरला होते, रात्रपाळी. ट्रेनिंगमध्ये इंग्रजी नावांची यादी पुढे केली, त्यातलं एक निवडायचं. माझं खरं नाव अमेरिकन गिऱ्हाइकाला झेपणार नाही म्हणे. मी रीटा झाले. तेव्हा गंमत वाटली होती, खोटं कशाला बोलू. पगार चांगला होता.

सिनेमा पाहिला तो नोकरी सोडल्यावर. युबाबा करारावरची सही बघते, "केवढं थाटाचं नाव" म्हणते आणि अक्षरं कागदावरून उचलून मुठीत घेते. उरते नुसती 'सेन'. मला आठवली ती एक पहाट. कॅबने सोडलं, जिन्यात आईने हाक मारली आणि ओ द्यायला मला क्षणभर वेळ लागला. चिहिरोला तिचं नाव सापडतं ते मैत्रिणींनी दिलेल्या निरोपाच्या कार्डावर, घड्या घातलेल्या जुन्या कपड्यांत. ती म्हणते, मी विसरतच आले होते. तिथे मी सिनेमा थांबवला, चहा केला, मग पुढचा पाहिला.

*

विरुद्ध मत चालेल ना? मला नाही भिडला. चित्रं देखणी आहेत, वाद नाही. पण नियम कोण ठरवतं? पुलावर श्वास रोखायचा, कारण हाकू, म्हणजे तिला मदत करणारा न्हाणीघरातला तो मुलगा, म्हणतो म्हणून. शेवटी डुकरांच्या घोळक्यातून आईबाबा ओळखायचे असतात, ती म्हणते यात ते नाहीतच, आणि बरोबर! कसं कळलं? सिनेमा गप्प. मराठी लेखकाने हे लिहिलं असतं तर आपणच 'शेवट उरकलाय' म्हणालो असतो. जपानी आहे म्हणून गूढ.

*

(धागाकर्ती : मला वाटतं उत्तर तिच्या कामात आहे. हाकू तिला पहिल्या रात्री एवढंच शिकवतो की काम माग, काहीही झालं तरी काम माग, कारण इथे काम न करणाऱ्याला युबाबा प्राणी करते. तिला वरदान मिळत नाही, तलवार मिळत नाही. मिळते फरशी पुसायची. सगळ्यांना नुसती घाण दिसते तिथे तिला पाहुण्याच्या अंगात काही तरी रुतलेलं जाणवतं. इतके दिवस असं बघायची सवय लागलेल्या मुलीला डुकरं कळली, हे मला पुरतं. तुम्हाला पुरणार नाही, तेही ठीक.)

*

मुंबईत ॲनिमेशनमध्ये काम करतो. सर्वसामान्य प्रेक्षकाला न दिसणारी एक गोष्ट सांगतो. न्हाणीघराचा बॉयलर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कामाजीच्या खोलीतून बाहेर पडताना चिहिरो बूट घालते, पळायच्या आधी चवडा जमिनीवर ठोकते, बूट नीट बसवते आणि मग धावते. कथेला याची गरज शून्य. आमच्याकडे क्लायंट पहिल्याच मीटिंगला हा शॉट उडवेल. आणि याच शॉटमुळे ती खरीखुरी दहा वर्षांची मुलगी होते.

तसाच बाहेरचा उभा जिना. आधी ती बसून एकेक पायरी उतरते, मग एक फळी मोडते, आणि नंतर नुसती सुसाट, थेट भिंतीवर आदळेपर्यंत. तिचं वजन जाणवतं. रंग संगणकावर भरलेत, काही ठिकाणी संगणकाची आणखी मदत आहे, पण ही धाव पेन्सिलीची आहे, एकेक चित्र काढून केलेली. पटकथा पुरी नसताना काम सुरू झालं होतं. मियाझाकी स्टोरीबोर्ड काढत पुढे जात होते आणि मागून टीम चित्रं करत होती. असं काम करायचं म्हटलं तर माझ्या पोटात गोळा येतो.

जखमी ड्रॅगनच्या, म्हणजे हाकूच्या, तोंडात चिहिरो कडू गोळी कोंबते तो प्रसंग आठवतोय? मियाझाकींनी तरुण चित्रकारांना कुत्र्याला औषध भरवताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. शेवटी मंडळी कॅमेरा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि कुत्र्याचा जबडा उघडताना बघून आली. ड्रॅगनच्या हिरड्या एकदा थांबवून बघा.

*

हाकू चिहिरोला खायला देतो त्या भाताच्या गोळ्यांबद्दल लिहिते. सगळा वेळ धीराने वागणारी पोरगी पहिला घास खाल्ल्यावर रडते, आणि अश्रू केवढे, टपोरे, चेहऱ्यावरून घरंगळणारे. बारावीनंतर लातूरला हॉस्टेलवर होते तेव्हा पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. घरच्या डब्यातली दशमी काढली तेव्हा वाटलं. बस, एवढंच.

*

पुणे. विसर्जनानंतर आम्ही काही जण मुठेच्या पात्रात उतरतो. निर्माल्य सोपं असतं. अवघड म्हणजे फुटक्या काचांच्या देवांच्या तसबिरी, गाद्या, टायर आणि साड्या. साडी गाळात रुतली की एकट्याने निघत नाही. पाच जण धरतात, कुणीतरी 'हैया' म्हणतं, ती अचानक सुटते आणि सगळे पाठीवर.

त्यामुळे सडक्या देवाच्या अंगातला तो 'काटा', म्हणजे सायकलचा दांडा, दोर बांधून अख्खं न्हाणीघर ओढतं, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये एकच गलका झाला. सायकलमागून कचऱ्याचा डोंगर भडाभडा बाहेर पडतो आणि आत निघतो नदीचा देव. नंतर वाचलं की मियाझाकी स्वतः घराजवळच्या नदीच्या सफाईला गेले होते आणि तिथे त्यांनी खरंच सायकल ओढून काढली होती. आश्चर्य वाटलं नाही. आधी काहीच हलत नाही आणि मग सगळं एकदम येतं, हे घरात बसून सुचत नाही.

*

वरच्यांना जोडून. हाकू हाही नदीचाच देव, आणि त्याची नदी बुजवून वर इमारती झाल्या आहेत. चिहिरो हे अगदी सहज सांगून टाकते. आम्ही आंबिल ओढ्याजवळ राहतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला पूर आला आणि पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. दुसऱ्या दिवशी जुनी माणसं हात करून दाखवत होती, ओढा मूळचा इथून जायचा, इथे वळायचा. सिनेमातला देव बिचारा युबाबाकडे नोकरीला लागला. आमचा नाही लागला.

*

नातीने बसवलं म्हणून पाहिला. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होतो, त्यामुळे चिहिरो युबाबाच्या जुळ्या बहिणीकडे, झेनिबाकडे, आगगाडीने जाते तो भाग तेवढा मन लावून पाहिला. रूळ पाण्याखाली, गाडी पाण्यावरून. कामाजी चाळीस वर्षांपासून पडून असलेली तिकिटं काढून देतो, वर सांगतो की पूर्वी परतीची गाडी होती, हल्ली फक्त जाणारी. उतरायचं सहाव्या स्टेशनावर. तपासनीस येतो, बोलत नाही, चिहिरोबरोबरच्या उंदराचं आणि चिमुकल्या पाखराचंही तिकीट घेतो. आमच्याकडे पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही. उंदराचा प्रश्न कधी आला नव्हता.

बाकी प्रवासी नुसत्या सावल्या. नात म्हणाली, भुतं आहेत. मी म्हटलं, कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलला असेच दिसतात लोक. सामान उचलतात, आपापल्या स्टेशनावर उतरतात, कोणी कोणाशी बोलत नाही. मग एका फलाटावर मुलगी उभी दिसते, तिला तिथेच ठेवून गाडी निघते. "ती कोण?" कोण जाणे. ड्युटीवर अशी उभी माणसं पुष्कळ पाहिली. गाडी सुटलेली असते, विचारायची सोय नसते.

*

काओनाशीला, त्या मुखवटेवाल्या काळ्या भुताला, सगळे विसरले की काय? मी हॉटेलात बँक्वेटला आहे. सोनं उधळणारं गिऱ्हाईक आलं की बाकी टेबलं ओस, अख्खा स्टाफ एकाच्या पुढेमागे, हे रोजचं आहे. तो तीन जणांना गिळेपर्यंत कोणालाच त्याच्यात खोट दिसत नाही! आणि जिला सोनं नको तिच्याच मागे तो वेडा. शेवटी झेनिबाकडे बसून सूत काततो. चांगलं झालं, कामाला लागला.

*

टोकियोहून. मुसाशी-कोगानेईला उतरून बसने कोगानेई पार्कला जा. तिथे एदो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय आहे, १९९३ पासूनचं. जुनी घरं-दुकानं मूळ जागेवरून उचलून इथे पुन्हा उभी केली आहेत. 'ताकेई सान्शोदो' नावाच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरलात की भिंतभर लाकडी खण दिसतील. कामाजीच्या वनस्पतींचे खण इथून आले. जवळच जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे. तैवानच्या ज्युफेनला 'हेच ते गाव' म्हणून गर्दी लोटते, पण ते मियाझाकींनी स्वतः नाकारलेलं आहे.

एक गोष्ट मला भारतात पाहताना कळली नव्हती. इथे स्नानगृहात आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं आणि मगच हौदात उतरायचं, हा नियम मोडणं म्हणजे फार मोठा असभ्यपणा. शेजारच्या बाईंबरोबर सिनेमा पुन्हा पाहिला. सडका देव चिखलासकट थेट हौदात शिरतो तेव्हा त्या किंचाळल्याच, आणि मग हसून बेजार.

*

इंग्रजी डबिंगमध्ये पाहिला असेल तर मूळ जपानी एकदा बघाच. इंग्रजीत शेवटी गाडीत बसल्यावर बाबा नवं घर, नवी शाळा असं काही बोलतात आणि चिहिरो 'जमेल मला' अशा अर्थाचं उत्तर देते. मूळ सिनेमात हे नाही. गाडी निघून जाते आणि किमुरा युमींचं लायर या तंतुवाद्यावरचं गाणं सुरू होतं. न्हाणीघर दिसल्यावर इंग्रजी चिहिरो 'हे न्हाणीघर आहे' असंही बोलते, जपानी चिहिरो नुसती बघते. प्रेक्षक दोन मिनिटं गोंधळला तर काय बिघडतं?

*

मघाचा विरुद्ध मतवाला. तपासनीस काकांचं वाचून गाडीचा भाग परत लावला. तो चांगला आहे, मान्य. डुकरांचं उत्तर अजून पटलेलं नाही. आणि इंग्रजीतलं ते 'जमेल मला' मला तेव्हा आवडलं होतं, अजूनही आवडतं. आता कुणीतरी जपानी चांगलं की इंग्रजी यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.