अनुभव धागा: बेटावर सुट्टीला गेलात आणि गाडी स्वतः चालवलीत, तेव्हा काय दिसले?

घाटवाट

परवा ताम्हिणी उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून धूर निघत होता आणि जळक्या ब्रेक लायनरचा तो उग्र वास आमच्या खिडकीतून आत आला. त्या वासासरशी मला मॉरिशसमधला शामारेलचा उतार आठवला, आणि इतकी वर्षे कुणाला न सांगितलेले पुष्कळ काही वर आले, म्हणून हा धागा काढतो आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघे आठ दिवस तिथे होतो. विमानतळावरच भाड्याची गाडी घेतली. गाडी साधीच होती, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, चार गियरांची ऑटोमॅटिक ग्रँड आय-टेन. कोणतीही गाडी हातात आली की तिचा चॅसी क्रमांक वाचायची मला सवय आहे. या गाडीचा क्रमांक ‘एमएएल’ या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे ती आपल्या चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ह्युंदाई कारखान्यातून निघालेली होती. समुद्रापार आपल्याकडची गाडी भेटल्याचा मला मनापासून आनंद झाला. तिथल्या नंबरप्लेटवर नोंदणीचा महिना आणि वर्षही लिहिलेले असते. मुलीने पहिल्याच दिवशी ही पद्धत ओळखली आणि उरलेले सगळे दिवस ती समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंदणी कधीची ते मोठ्याने सांगत होती.

ब्रिटिश वारशामुळे तिथे वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे हातांना नवे काही शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते डोळ्यांना. विमानतळापासून मोटरवे बेटाच्या मधल्या पठारावर चढतो. खाली लख्ख ऊन होते, आणि अर्ध्या तासात क्यूरपीपजवळ इतका पाऊस आणि धुके आले, की ११० ची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर मी ६० वर आलो. नकाशावर हे बेट एवढेसे दिसते, की सकाळी निघून दुपारपर्यंत प्रदक्षिणा होईल असे वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यालगतचा रस्ता गावागावांतून, बसथांब्यांवरून आणि मंदिरांवरून असा काही जातो, की ताशी ४० किलोमीटरची सरासरी पडली तरी समाधान मानावे.

मला सर्वांत भावले ते तिथले गोल चौक. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम आपल्याही पुस्तकात आहे. तिथे तो पाळलेला पाहिला. चौकात शिरताना माणूस खरोखर थांबतो, उजवीकडे पाहतो आणि जागा मिळाली की अजिबात न रेंगाळता आत शिरतो. हॉर्न जवळजवळ ऐकूच येत नाही.

उसाचे रस्ते मात्र जपून चालवावे लागले. गाडीपेक्षा उंच ऊस दोन्ही बाजूंना अगदी डांबराच्या कडेपर्यंत आलेला असतो, साइडपट्टी नसतेच, आणि आडवा रस्ता कुठे आहे हे तो येईपर्यंत कळत नाही. शेतांमध्ये काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड आहेत, आणि १८३४ नंतर गिरमिटावर गेलेल्या त्या मजुरांत रत्नागिरीकडची माणसेही होती, हे ठाऊक असल्यामुळे मी एका राशीपाशी गाडी थांबवून बराच वेळ उभा राहिलो.

आता तो उतार. शामारेलहून पश्चिम किनाऱ्यावरच्या काझ नोयालकडे उतरणारा रस्ता अरुंद, झाडीतला आणि आवळलेल्या वळणांचा आहे. समोर समुद्र आणि ल मॉर्नचा डोंगर दिसत होता, गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे गियर स्वतःच बदलणाऱ्या नेहमीच्या खुणेवर होती आणि माझा पाय सतत ब्रेकवर. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर वास आला. तो कुठून येतो आहे हे मी आधी बाहेर शोधले. तो आमच्याच पुढच्या चाकांतून येत होता. एका रुंद जागी थांबून वीस मिनिटे गाडी गार होऊ दिली आणि उरलेला उतार दांडी ‘२’ वर, म्हणजे खालच्या गियरवर ठेवून केला. वीस वर्षे खंबाटकी आणि वरंधा मॅन्युअल गाडीने उतरलो होतो, तिथे दुसरा गियर आपोआप पडायचा. ऑटोमॅटिकमध्ये तोच विचार मुद्दाम करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

तुमचेही असे अनुभव असतील. समुद्रकिनारे आणि हॉटेले यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे रस्ता आणि गाडी यांविषयी लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ

तुम्ही वेळीच थांबलात हे वाचून बरे वाटले. सोबत मूल असताना असा वास आला की पोटात गोळा येतो. आमचा असाच प्रसंग आंबोलीत झाला होता, पण ते बेट नव्हे, म्हणून लिहीत नाही.

पिस्टन

हवाईमधल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६० किलोमीटरांत रस्ता ३,०५५ मीटरांवर जातो. आम्ही सूर्योदयासाठी पहाटे वर गेलो होतो. उतरताना खालचा गियर वापरण्याच्या सूचना दिसतात, त्यामागचे गणित मी खाली आल्यावर मुलाला मांडून दाखवले होते. प्रवाशांसह १,५०० किलोची गाडी ३,००० मीटर खाली आली, तर सुमारे ४.४ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेत २० अंशांचे सुमारे १३० लिटर पाणी उकळीला येईल. यातली काही हवेच्या विरोधात आणि टायरांत जाते, गियर खालचा असेल तर मोठा वाटा इंजिन उचलते, आणि आपण आळस केला तर बाकीची सगळी ब्रेकच्या चार चकत्यांवर येते.

घाटवाट, बेटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. नवे डॉट-३ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषले की तीच मर्यादा १४० वर येऊ शकते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते ऑइल किती जुने आहे, हे आपल्याला माहीत नसते. त्यामुळे वास येताच थांबण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य होता.

स्वानंदी

सेशेल्समधल्या माहे बेटावर सां सूसी नावाचा घाटरस्ता आहे. तो व्हिक्टोरियाहून जंगलातून चढून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरतो. रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी खोल चर आहेत आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. समोरून बस आली की डावे चाक त्या चरापासून किती लांब आहे, हे आरशात पाहत पाहत मी गाडी थांबवत असे. यजमान शेजारी बसून इंच इंच सांगत होते आणि आमचे त्या आठवड्यात एकदाही भांडण झाले नाही, हे मला विशेष वाटते.

एक उपयोगी गोष्ट सांगते. पहाटे काच धूसर झाली म्हणून मी एसी अधिक थंड केला आणि काच आणखी धूसर झाली. आपल्याकडे पावसाळ्यात दव काचेच्या आतून धरते, म्हणून एसीने ते जाते. तिथे बाहेरची हवा उबदार आणि दमट, आणि काच आतून गार पडलेली, त्यामुळे दव बाहेरून धरते. अशा वेळी वायपर फिरवावा आणि एसीचे तापमान वाढवावे.

घाटवाट

स्वानंदीताई, काचेचे हे कारण इतके स्पष्ट मला आजवर कुणी सांगितले नव्हते. क्यूरपीपला आमचेही असेच झाले होते आणि मी फडक्याने काच आतूनच पुसत बसलो होतो.

पिस्टन, ब्रेक ऑइलचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत ते तीन वर्षांपूर्वी बदलले होते. उद्याच गॅरेजमध्ये जातो.

रोहिणी व.

मॉरिशसच्या शेजारचे रेयुनियाँ बेट फ्रान्सचा भाग असल्याने तिथे वाहने उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर मला अडचण आली नाही. अडचण पेट्रोल भरून निघताना, हॉटेलच्या फाटकातून सकाळी बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्याला लागताना आली, म्हणजे जिथे दुसरी गाडी पाहून आपली बाजू आठवण्याची सोय नव्हती तिथे. बहिणीने प्रत्येक वेळी ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणायचे, असे आम्ही ठरवून टाकले होते.

सिलाओस नावाच्या डोंगरातल्या गावी जाणाऱ्या रस्त्यावर चारशेहून अधिक वळणे आहेत. काही बोगद्यांत एका वेळी एकच गाडी मावते, काही वळणांवर बसला पूर्ण रस्ता लागतो, आणि तिचा चालक वळणाच्या बराच आधी हॉर्न वाजवतो. तिथे हॉर्न म्हणजे निरोप असतो, राग नसतो. तो ऐकला की मी मागच्या रुंद जागेत सरकून उभी राहत असे. बसचालक दर वेळी हात वर करत.

वसंतराव

आपल्याच देशातले बेट कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) बाराटांगला जाताना जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात आणि ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचे नाही, ओव्हरटेक करायचे नाही, फोटो काढायचा नाही. मी चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे, पण पुढच्या गाडीशी इतके एकसारखे अंतर ठेवून, इतक्या शांतपणे, दुसऱ्याच्या घरातून चालल्यासारखी गाडी मी दुसरीकडे चालवलेली नाही. ते जंगल खरोखरच दुसऱ्याचे घर आहे. पुढे खाडीवर गाडीसकट फेरीबोटीत चढावे लागते. तिथे पहिला गियर आणि हँडब्रेक दोन्ही लावून ठेवावेत.

सागरगोटा

मी मॉरिशसमध्ये एबेनला तीन वर्षे नोकरीला होते. घाटवाट, तुम्ही उसाविषयी लिहिले आहे, पण उसाच्या गाड्यांविषयी लिहिले नाही. साधारण जून ते डिसेंबर तोडणी चालते. तेव्हा ट्रेलरमधून उसाची कांडी रस्त्यावर पडतात, त्यांच्यावरून गाड्या जाऊन लगदा होतो आणि त्यावर एखादी सर आली की गोल चौकात टायर सरकते. माझे एकदा सरकले होते. वेग कमी होता म्हणून निभावले.

माझ्या कार्यालयातला एक सहकारी मराठी वंशाचा होता. घरी क्रेओल ही तिथली बोली बोलायचा, पण आजीकडून आलेली झाकरीची गाणी त्याला पाठ होती. आपल्या कोकणातली जाखडी तीच. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी त्याच्या गाडीमागून आम्ही त्याच्या गावी गेलो होतो. डॅशबोर्डवरचा गणपती हलू नये म्हणून तो प्रत्येक वळण इतके अलगद घेत होता, की मागून चालवतानाही गाडीचा झोल जाणवत नव्हता. माझ्या माहितीतला तो सर्वांत चांगला चालक.

कृष्णाकाठ

सागरगोटा, झाकरीविषयी स्वतंत्रपणे लिहा, फार इच्छा आहे. माझ्या आजोळी अजून जाखडी नाचतात.

नवप्रवासी

आम्ही जानेवारीत मॉरिशसला जातो आहोत. पत्नी आणि मी दोघेही चालवू. मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? वादळांचे दिवस असतात असे ऐकले, त्याचीही काळजी वाटते.

घाटवाट

जानेवारी हा तिथे चक्रीवादळांच्या मोसमाचा भाग आहे, त्यामुळे हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा आणि इशारा आला की गाडी हॉटेलात लावून ठेवावी. दोघेही मॅन्युअलवर सरावलेले असाल तर मॅन्युअल घ्या. ऑटोमॅटिक घेतलीत, तर विमानतळाच्या आवारातच ‘२’ आणि ‘एल’ हे खालचे गियर एकदा लावून पाहा, म्हणजे उतारावर हात चाचपडणार नाही. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा रंगही बघावा. ते काळपट दिसले, तर दुसरी गाडी मागायला संकोच करू नये.