मदत हवी आहे: रेशो ४२ केला की एक्स्पोर्टमध्ये पीसी बंद पडायलाय (सोलापूर)

पूर्वभाग_स्टुडिओ
नमस्कार. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायलोय, म्हणजे कंपनीच्या वेगापेक्षा जास्त पळवायलोय, पहिल्यांदाच. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रेशो ४२ केला, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. विंडोज सुरू होतं, ब्राउझर चालतो, गाणी चालतात. पण प्रीमियरमधून (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट लावला की थोड्या वेळात बंद. कधी निळी स्क्रीन येते, कधी सरळ काळोख. एका व्हिडिओत सांगितलंय की व्होल्टेज १.४५ ठेवा, मग टिकतं. ठेवू का? लग्नसराई चालू आहे, पार्ट्यांचे फोन येतायत, त्यामुळं "आधी गूगल करा" असलं उत्तर नको. नेमका आकडा सांगा.

तापमापी
आकडा सांगण्यासाठी आधी तुमच्याकडचे आकडे लागतील. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्ड, कूलर, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा, आणि बंद पडताना तापमान किती होतं? तोपर्यंत १.४५ ला हात लावू नका.

पूर्वभाग_स्टुडिओ
रायझन ५ आहे. कूलर बॉक्समधला. रॅम १६, ग्राफिक्स कार्ड ४ जीबी. तापमान बघितलं नाही, हाताला कॅबिनेट गरम लागतंय.

तापमापी
रायझन ५ मध्ये १६०० पण येतो, २६००, ३६००, ५६०० पण येतो. प्रत्येकाची व्होल्टेजची मर्यादा निराळी. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाका, पहिल्याच टॅबवर नाव दिसेल, मेनबोर्डच्या टॅबवर बोर्ड. आणि एचडब्ल्यूइन्फो६४ टाकून सेन्सर्स उघडा, तापमान तिथं दिसेल.

सेलेरॉन_काका
मी १९९८ पासून हे करतोय. सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ मेगाहर्ट्झची १०० करायची, ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, व्होल्टेजला हात न लावता. पेंटियम टूच्या तोडीचं काम निम्म्याहून कमी पैशात. बेस क्लॉक गुणिले रेशो म्हणजे वेग. रेशो-बिशो सोडा, बेस क्लॉक वाढवा. खरा ओव्हरक्लॉक तोच.

निकाल_लागला
काका, तो काळ वेगळा. तेव्हा मल्टिप्लायर (म्हणजे रेशोच) कुलूपबंद होता म्हणून बस वाढवायचे. आता बेस क्लॉक १०० चा १०५ केला तर बऱ्याच बोर्डांवर त्याच्याबरोबर पीसीआय एक्स्प्रेसचा (कार्ड आणि डिस्क जोडणारी वाट) वेगपण सरकतो, एनव्हीएमई एसएसडी दिसेनाशी होते. लोकांची लग्नं आहेत त्या डिस्कवर. नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नका.

सेलेरॉन_काका
१०२ पर्यंत काही होत नाही. मी स्वतः चालवलंय.

निकाल_लागला
१०२ म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी डिस्कशी खेळायचं?

नवीपेठ_असेंब्लर
बॉक्सच्या कूलरवर ओव्हरक्लॉक करूच नये. २४० मिमीचा लिक्विड कूलर बसवा, विषय संपला. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, छोटा पंखा काय करणार? मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच सांगतो.

तापमापी
लिक्विड असो की हवेचा, दोन्ही उष्णता खोलीच्याच हवेत सोडतात. खोली ४० ला असेल तर कुठलाच कूलर प्रोसेसरला ४० च्या खाली नेणार नाही. ६५ वॉटच्या प्रोसेसरला १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुष्कळ झाला. पंप नाही, गळायची भीती नाही.

बीकॉम_तिसरं_वर्ष
मला टॅली आणि थोडं फोटोशॉप चालेल असा लॅपटॉप सुचवा ना, बजेट ४५ हजार. इथंच विचारतो, नवीन धागा कसा काढायचा कळेना.

पूर्वभाग_स्टुडिओ
हे घ्या. रायझन ५ २६००, बोर्ड बी४५०, रॅम १६ ची एकच पट्टी, जीटीएक्स १६५०, एसएमपीएस ४५० वॉट. बायोस डिफॉल्टला आणून, म्हणजे ओव्हरक्लॉक काढून, एक्स्पोर्ट लावला. तापमान ९५ दाखवतंय आणि क्लॉक ३.१ ते ३.२ च्या मध्ये. हे बरोबर आहे का? खोक्यावर ३.९ लिहिलंय.

तापमापी
आता दिसलं. २६०० चा बेस (नेहमीचा वेग) ३.४ आणि बूस्ट (थोडा वेळचा कमाल वेग) ३.९, आणि कमाल तापमान ९५. म्हणजे काहीही न करतासुद्धा तो तापून स्वतःला बेसच्याही खाली ओढतोय. तुमचा प्रोसेसर मुळात थंड होत नाहीये. त्यावर ४२ चा रेशो म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या बैलावर आणखी पोती.

दोन प्रकारे बंद पडतोय असं लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. निळी स्क्रीन म्हणजे बहुतेक त्या वेगाला व्होल्टेज पुरत नाही. एकदम काळोख म्हणजे अति तापमानाचं संरक्षण, नाहीतर वीज कमी पडणं. दोन वेगळे आजार आहेत, आणि व्होल्टेज वाढवलं की दुसरा आणखी बळावतो.

गेमर_सुमित_०७
रायझनवर तापमान १० ने जास्त दाखवतं, तो ऑफसेट असतो. खरं ८५ असणार. काळजी करू नका, १.४५ टाका. माझ्याकडं वर्षभर चालतंय.

तापमापी
तो ऑफसेट २७००एक्सला १० चा आहे आणि १६००एक्सला २० चा. साध्या २६०० ला नाही. इथं ९५ म्हणजे ९५.

आणि १.४५ चा घोळ कुठून येतो तेही सांगतो, कारण बरेच नवे लोक यात फसतात. डिफॉल्टवर नुसता ब्राउझर उघडलात तर एचडब्ल्यूइन्फो १.४ च्या वर व्होल्टेज दाखवतं. ते ठीकच आहे. तेव्हा एखादाच कोअर क्षणभर पळतो, करंट थोडा असतो. सहाही कोअर भरले की प्रोसेसर स्वतः व्होल्टेज १.२ च्या आसपास उतरवतो. तुम्ही हाताने १.४५ ठोकून दिलंत की तो उतरवू शकत नाही, सहाही कोअरना भर लोडवर तेवढंच मिळतं. यूट्यूबवाला आकडा खरा वाचतो, पण लावतो चुकीच्या जागी.

निकाल_लागला
हिशेब पण सांगा त्यांना. उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.७ ला १.२० आणि ४.२ ला १.४२ धरलं तर वेग साडेतेरा टक्के जास्त, उष्णता जवळजवळ ५९ टक्के जास्त. त्या बॉक्सच्या कूलरवर.

जुळे_सोलापूरकर
दादा, स्टुडिओ नेमका कुठं आहे? नावात पूर्व भाग आहे म्हणून विचारतो. खाली यंत्रमाग आहेत का?

पूर्वभाग_स्टुडिओ
हो, खाली टॉवेलचे माग आहेत. त्याचा काय संबंध?

जुळे_सोलापूरकर
तोच तर संबंध आहे! माझ्या मेव्हण्याचं डीटीपीचं दुकान तिकडंच. सुताची धूळ साध्या धुळीसारखी नसते, ती उडून जात नाही. पंख्याच्या खाली कूलरच्या पात्यांमध्ये तिची गादी बसते, वरून पंखा फिरताना छान दिसतो पण खाली हवा जातच नाही. साइड पॅनल काढा, पंख्याखाली बॅटरी मारून बघा.

पूर्वभाग_स्टुडिओ
बघितलं. पांढरा थर आहे, खालचं ॲल्युमिनियम दिसेना झालंय. पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारून आणू का? कोपऱ्यावरच आहे.

तापमापी
नको. त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल येतं. सुताचा थर दाबून आत बसला असेल तर हवेनं निघणारही नाही, चिमट्यानं ओढून काढावा लागेल, नंतर रंगकामाचा कोरडा ब्रश. हवा मारायची असेल तर हातातला ब्लोअर घ्या, आणि पंखा बोटानं धरून ठेवा, तो वेगानं फिरू देऊ नका.

कूलर काढायचा तर हे नीट वाचा. एएम४ सॉकेटमध्ये (तुमच्या प्रोसेसरची बोर्डावरची बैठक) प्रोसेसरला खाली पिना असतात आणि जुनी पेस्ट वाळून कूलरला चिकटते. सरळ वर ओढलात तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करून वायर काढा, चारही स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे सैल करा, मग कूलर डावी-उजवीकडं हळू फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवीन वाटाण्याएवढी.

नवीपेठ_असेंब्लर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा बी४५० वर बायोस अपडेट करून ५६०० टाका. बोर्ड तोच, रॅम तीच. २६०० आता विकून टाका.

निकाल_लागला
हे मात्र पटतं. पण धूळ तशीच राहिली तर ५६०० पण तापणारच.

हळद_ते_वरात
मी पण लग्नंच करतो, पंढरपूरला. तुम्ही सगळे प्रोसेसरच्या मागं लागलाय. त्यांच्याकडं १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. दादा, एक्स्पोर्टच्या खिडकीत बिटरेट एन्कोडिंग काय ठेवता? व्हीबीआर २ पास (व्हिडिओवरून दोनदा फिरून दाबणं) ठेवलं असेल तर प्रीमियर हार्डवेअर एन्कोडिंग (ग्राफिक्स कार्डाकडून व्हिडिओ दाबून घेणं) सोडून देतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. १ पास करा, परफॉर्मन्समध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडा. २०२० पासून एनव्हिडिया कार्डावर हे चालतं.

सेलेरॉन_काका
हार्डवेअरची क्वालिटी सॉफ्टवेअरसारखी येत नाही. साडीची जर तुटते, अंतरपाटामागचा चेहरा पिसकटतो.

हळद_ते_वरात
कमी बिटरेटला (दर सेकंदाला कमी डेटा) तुटते, काका. पेनड्राइव्हवर द्यायची फिल्म आहे, बिटरेट दीडपट करा, फरक दिसणार नाही. इंस्टाग्रामचं रील तर तिकडं गेल्यावर तसंही पुन्हा दाबलं जातं. मुख्य विधी सॉफ्टवेअरनं काढायचे असतील तर रात्री लावून झोपा.

जुळे_सोलापूरकर
तुम्ही पंढरपूरचे? आमच्याकडं मेमध्ये लग्न आहे, ड्रोनसकट काय घेता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पूर्वभाग_स्टुडिओ
२ पासच होतं. सगळ्यांना हो, पण तोपर्यंत मी सफाई केली. पेस्ट नवीन, कूलर तोच. एवढं सूत निघालं की वात वळता येईल. आता एक्स्पोर्टला ७८ डिग्री आणि ३.७ वर टिकतोय. त्याच सेटिंगवर जो एक्स्पोर्ट ४५ मिनिटांना यायचा तो ३८ ला आला. हार्डवेअरवाला अजून करून बघायचाय.
पण मला ओव्हरक्लॉक करायचाच आहे. शिकायचंय पण. आता सांगा, सुरक्षित कसा करायचा.

तापमापी
आता सांगायला हरकत नाही. पण काय मिळणार ते आधी ऐका: २६०० बहुतेक ४.० ते ४.१ वर थांबतो. ३.७ वरून ४.० म्हणजे आठ टक्के. तुमचे ३८ मिनिटं ३५ होतील.

आधी चालू प्रोजेक्ट वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून ठेवा. अस्थिर मशीन नेहमी बंदच पडतं असं नाही, कधी गुपचूप फाइल बिघडवतं. मग सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवून स्कोअर आणि कमाल तापमान कागदावर लिहा, म्हणजे पुढं तुलना होते.

बायोसमध्ये व्होल्टेज ऑटोवर सोडू नका. ऑटोवर बोर्ड स्वतःच्या मनानं जास्त देतो. हाताने १.२७५ ठेवा, रेशो ३८. सिनेबेंच टिकलं तर ३८.५, मग ३९. जिथं पडेल तिथं व्होल्टेज एकच पायरी वाढवा. या कूलरवर १.३५ ही भिंत समजा, आणि भर लोडला तापमान ८५ च्या पुढं गेलं की थांबा, मग व्होल्टेज शिल्लक असलं तरी. शेवटी ओसीसीटी (स्थिरतेची चाचणी) तासभर, आणि त्यानंतर खरा लांब एक्स्पोर्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअरची) चूक दिसली तर पीसी चालू राहिला तरी ती सेटिंग नापास.

बूट झालाच नाही तर घाबरू नका. वायर काढा, बोर्डावरच्या सीएमओएसच्या (बायोसची सेटिंग धरणारी मेमरी) दोन पिना क्षणभर जोडा किंवा गोल सेल काढून परत लावा, डिफॉल्ट येतं. आणि एएमडी ओव्हरक्लॉकमुळं झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही, हे माहीत असू द्या.

निकाल_लागला
एक राहिलं. बोर्डावर व्हीआरएमला (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) आहे का? स्वस्त बी४५० ला नसतो. आणि हाताने ३८ ठेवलंत तर एका कोअरचा ३.९ चा बूस्ट जातो, टाइमलाइनवर फिरताना उलट हळू वाटेल. ३९ जमत नसेल तर डिफॉल्टच बरा.

गेमर_सुमित_०७
रॅमबद्दल कोणीच बोललं नाही. एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच रस्ता. तशीच दुसरी घ्या आणि एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेला वेग देणारी सेटिंग) चालू करा, रायझनला रॅमचा वेग लागतो.

तापमापी
सुमितचं शंभर टक्के बरोबर. २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंत चालतो, आणि एक्सएमपी बंद असेल तर तुमची पट्टी २१३३ किंवा २४०० वर लोळत असेल. फक्त रॅम आणि प्रोसेसर एकाच वेळी बदलू नका, पडलं तर कुणामुळं ते कळणार नाही.

पूर्वभाग_स्टुडिओ
व्हीआरएमला एका बाजूला हीटसिंक आहे, वरच्या बाजूला उघडं. ३९ ला १.३० वर सिनेबेंच टिकलं, ८१ डिग्री. ओसीसीटी पण पास, काल रात्री. ४० करू?

तापमापी
काल रात्री म्हणजे किती वाजता? खोली थंड असताना ८१ आलं असेल तर दुपारी ते राहणार नाही. हीच ३९ ची चाचणी दुपारी दोन वाजता, खाली माग चालू असताना लावा. वरचा व्हीआरएम उघडा आहे म्हणून ४० कडं मी तरी जाणार नाही. आणि साइड पॅनल लावूनच करा, उघड्या कॅबिनेटचा आकडा धरू नका.

पूर्वभाग_स्टुडिओ
रात्री बारा. पॅनल उघडं होतं. उद्या दुपारी लावतो.

जुळे_सोलापूरकर
पीसी यूपीएसवर आहे ना? ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॉट. मॉनिटर, स्पीकर सगळं त्यावर असेल तर लाइट गेली की चाचणीच्या मधेच बसेल, आणि तुम्ही म्हणाल ओव्हरक्लॉक पडला.

बीकॉम_तिसरं_वर्ष
लॅपटॉपचं कोणी सांगेल का?

निकाल_लागला
१६ जीबी रॅम आणि ५१२ ची एसएसडी बघून घे. बाकी वेगळा धागा काढ, वर उजवीकडं बटण आहे.