पोगाचार 'नक्कीच घेतो' म्हणणाऱ्यांना उत्तर

सिंहगडकर:
स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार उत्तेजकं घेतोच, असं म्हणत काल इथे एकाने लिहिलं, "नव्वदीतला पंतानी ईपीओवर (लाल पेशी वाढवणारं औषध) चढायचा. पोगाचार त्याच्यापेक्षा साडेतीन मिनिटं आधी वर पोचला. आणखी कसला पुरावा पाहिजे?" खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

घाट प्लातो द बेयचा, 2024 च्या तूर द फ्रान्सचा पंधरावा टप्पा. 15.8 किमी, सरासरी 7.9 टक्के. पंतानीला 1998 ला त्रेचाळीस मिनिटांच्या वर लागली, पोगाचार चाळिशीच्या आत. मान्य. पण तो घाट चढला कसा गेला? विंगेगोरच्या व्हिस्मा संघाने पायथ्यापासूनच ताणलं. विंगेगोरने दहाएक किमी शिल्लक असताना अटॅक केला. पोगाचार त्याच्या चाकाला चिकटून राहिला आणि शेवटच्या साडेपाचात निघून गेला. असा चढलेल्या घाटाची वेळ विक्रमी येणारच.

आता खाणं बघा. पूर्वी तासाला 60 ग्रॅम कार्ब म्हणजे डोक्यावरून पाणी. आज ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण बसवून 120 ग्रॅम पोटात जातात. 23 मिमीचे टायर जाऊन 28-30 चे ट्यूबलेस आले. शर्यतीची पद्धत बदलली ती यामुळेच. फ्रूमच्या काळात त्याच्या स्काय संघाची आगगाडी वॅट बघत चालायची आणि खरी मारामारी शेवटच्या पाच किमीत. आता पोगाचार स्त्रादे बियांके शर्यतीत 81 किमी एकटा, झुरिकच्या जागतिक स्पर्धेत 100 किमी राहिलेले असताना अटॅक. टाकी भरलेली असेल तर लवकर निघण्यात पूर्वीइतका धोका नाही.

आणि हा माणूस फुटतोसुद्धा. 2022 च्या तूरमध्ये ग्रानों घाटावर पावणेतीन मिनिटांच्या वर गमावली. 2023 ला कोल द ला लोझवर रेडिओवर "मी संपलो" म्हणाला. यंत्र असं बोलत नाही.

जुना_सायकलस्वार:
फुटणं हा स्वच्छतेचा दाखला? आर्मस्ट्राँग 2000 ला जू-प्लान घाटावर उपाशी पोटी असाच फुटला होता, दीड मिनिटाच्या वर गेलं. पुढे डोपिंगसाठी त्याची तूरची सातही जेतेपदं काढून घेतली.

आणि तुम्ही सोयीने एक गोष्ट गाळलीत. त्या दिवशी इव्हनपूल तिसरा आला, 2 मिनिटं 51 सेकंद मागे. तोही पंतानीच्या वेळेच्या आत. विंगेगोर तर होताच. एक माणूस अपवाद असतो, तिघांचं काय? आठ टक्क्यांच्या चढावर बहुतेक ताकद स्वतःचं वजन उचलण्यात जाते, टायर तिथे कितीशी साथ देणार?

2006 च्या तूरमध्ये लँडिस मोर्झीनच्या टप्प्यावर एकटा सुटला, तेव्हा आमच्या क्लबातली पोरं टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी पोरं न बोलावता घाटात हजर. तूर संपून आठवडा झाला नव्हता तोवर तो टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडल्याची बातमी आली. त्यातल्या दोघांनी सायकल विकली. ती चीड अजून गेलेली नाही. आम्हाला साखरेचा हिशोब सांगू नका.

लिंबुर्गवासी:
मी नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टेल गोल्ड शर्यतीच्या वाटेवरच राहतो. 2025 ला पोगाचार एकटा पुढे होता. इव्हनपूल आणि स्केल्मोसने त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये स्केल्मोसने मारलं. मी रस्त्याच्या कडेला होतो. शेवटच्या तासात त्याचा चेहरा मिठाने पांढरा पडला होता, एक जेल अर्धी पिऊन फेकली. घेणारा माणूस चाळीसेक किमी पुढे राहून हरतो?

जुना_सायकलस्वार:
हो, हरतो. उलरिख आयुष्यभर आर्मस्ट्राँगकडून हरला, तो काय तुळशीपत्र खाऊन चढायचा?

सिंहगडकर:
भाऊ, पण 2008 पासून रक्ताचा पासपोर्ट आहे, म्हणजे प्रत्येकाच्या रक्ताच्या आकड्यांची सततची नोंद. तुमचे दाखले त्याच्या आधीचे आहेत.

जुना_सायकलस्वार:
मग आडरलास डोपिंग प्रकरण कधीचं? 2019. ऑस्ट्रियातल्या झेफेल्डला पोलिसांनी धाड घातली तेव्हा एका स्कीपटूच्या दंडात सुई तशीच होती, रक्त चढत होतं. एर्फुर्टच्या त्या डॉक्टरच्या गिऱ्हाइकांत सायकलस्वारही निघाले. पासपोर्टने पकडलं का? नाही, एका खेळाडूने तोंड उघडलं म्हणून सापडले. आर्मस्ट्राँगही साथीदारांच्या जबान्यांनी पडला. फेस्तिना संघ 1998 ला पडला तो कस्टमवाल्यांनी औषधांची गाडी अडवली म्हणून. प्रयोगशाळा नेहमी शेवटी पोचते.

मृ_लॅब:
मी हिमॅटॉलॉजीत काम करते म्हणून बोलते. पासपोर्टने सगळे सापडत नाहीत, हे खरंच. शिरेतून रात्री थोडंसं ईपीओ घेतलं तर शोधायला फार थोडे तास मिळतात. पण पासपोर्ट हिमोग्लोबिन आणि नव्या लाल पेशींचं प्रमाण वर्षानुवर्षं मोजतो, त्यामुळे मोठी उडी मारता येत नाही. नव्वदीतल्या रीसला 'साठ टक्के' म्हणायचे, ते हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) आज कुणी घेऊन फिरू शकत नाही. म्हणून ईपीओ काळातल्या माणसांपेक्षा आजचे स्वच्छतेजवळचे लोक इतके पुढे कसे, हा प्रश्न मलाही पडतो. अर्धं उत्तर खाण्यात आहे. उरलेलं माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं सांगणाऱ्या दोन्ही बाजूंवर माझा विश्वास नाही.

इंदापूरकर:
तुम्ही स्लोव्हेनियाचं रक्त तपासत बसा. आमच्या तालुक्यात पोलीस भरतीच्या मैदानाच्या भिंतीमागे जाऊन बघा. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत, तर वीसपैकी वीस मार्क. माझा भाचा एका अकॅडमीत होता. तिथले सर रोज पहाटे काय टोचायचे ते पोरांना माहीत नव्हतं. 'ताकदीचं' म्हणायचे. पोराचं तोंड सुजलं, मुरमं आली, चिडचिड सुरू झाली. आईबापाने शेत गहाण टाकून फी भरलेली. तिथे नाडाचा, देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचा, माणूस कुणी पाहिलाय?

सिंहगडकर:
दादा, वाईट झालं. पण धागा रोड रेसिंगचा आहे.

इंदापूरकर:
का? 2023 ला पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं आपलंच प्रमाण सगळ्यांत वर होतं, 3.8 टक्के. जागतिक संस्थेचे, वाडाचेच आकडे. प्लातो द बेयवर पन्नास प्रतिसाद, आणि गावातल्या पोरावर 'वाईट झालं'?

लिंबुर्गवासी:
विषय भरकटवू नका. तिथे कोट्यवधी युरोची यंत्रणा, इथे एक कोचिंगवाला.

इंदापूरकर:
पोराच्या शिरेत जातं ते तेच ना? तुम्हाला तिकडून आमची पोरं दिसत नाहीत, म्हणून भरकटवणं वाटतं.

जुना_सायकलस्वार:
इंदापूरकर बरोबर आहेत. आमच्या जिल्हा स्पर्धेतही स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. आयोजकांनी सफाईवाल्याला गप्प बसवलं. वरून खालपर्यंत एकच गणित आहे: जो हरला त्याचा करार गेला, नोकरी गेली. पोगाचारपेक्षा त्याच्यासाठी ओढणाऱ्या डोमेस्टिकला ही भीती जास्त.

सिंहगडकर:
डोमेस्टिकचं मान्य. कार्बन मोनॉक्साइडचंही मान्य करतो, नाहीतर तुम्ही काढणारच. तो वारंवार हुंगला तर लाल पेशी वाढू शकतात. 2024 ला मोठ्या संघांनी हिमोग्लोबिनच्या 'मोजमापासाठी' तो वायू वापरल्याचं बाहेर आलं आणि सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, यूसीआयने, फेब्रुवारी 2025 पासून तो वारंवार हुंगण्यावर बंदी आणली. थांबवायला नियम यावा लागला. मला तेच खटकतं. पण त्यावरून एका माणसाला गुन्हेगार ठरवू देणार नाही. नमुने दहा वर्षं जपता येतात. 2024 चे 2034 पर्यंत उघडता येतील.

जुना_सायकलस्वार:
ज्या गोष्टीची टेस्टच नाही ती दहा वर्षांनी कशी सापडेल? तो वायू काही तासांत रक्तातून जातो. 2034 ला मी पासष्टीचा असेन, तेव्हा पुन्हा एकदा 'आम्हाला माहीत नव्हतं' ऐकायची माझी तयारी नाही.

मृ_लॅब:
इंदापूरकर, भाच्याचं लिव्हर फंक्शन, लिपिड, हिमोग्लोबिन आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. अचानक बंद केलं असेल तर एंडोक्रिनोलॉजिस्टला दाखवा. रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं असतील तर फेकू नका, फोटो काढून ठेवा.

इंदापूरकर:
बाटल्या सरांकडेच असायच्या. एक त्याच्या बॅगेत सापडली, लेबल खरवडलेलं. उद्या बारामतीला नेतो त्याला.