मदत हवी आहे: नव्या कॅम्पर ट्रेलरमध्ये बुरशी, गळती की नुसता दमटपणा?

आम्ही अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात घेतलेला नवा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) पावसाळी हिवाळाभर घराशेजारी उघड्यावर उभा होता. आता पलंगाची गादी उचलली तर खालच्या प्लायवुडवर काळे ठिपके आणि शेजारच्या कपाटात कुबट वास.

छतावरच्या सांध्यांचं सीलंट तपासलं, भेग दिसत नाही. ठिपके व्हिनेगरने पुसले, गादी घरात आणून वाळवली; तरी फळीवर ते पुन्हा उमटले. ब्लीच नको आहे: लाकडात ते खोल मुरत नाही, शिवाय मुलीला दमा आहे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावला, पण थंडीत त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. वीज घरच्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून, म्हणून सोबत हीटर चालत नाही.

विक्रेता म्हणतो, ही हवेतली वाफ, वॉरंटीत बसत नाही. मला हे पटत नाही, कारण बुरशी फक्त एका कोपऱ्यात, बाहेरच्या दिव्याच्या बरोबर मागे आहे, म्हणजे तिथून पाणी शिरत असू शकतं. अर्थात तोच कोपरा उत्तरेकडचा, सर्वांत थंड, म्हणजे वाफही तिथेच जमू शकते; त्यामुळे खात्रीने बोलता येत नाही. वॉरंटी लवकरच संपतेय आणि ती धोक्यात आणायची नाही, म्हणून भिंतीचं पॅनेल स्वतः उघडायचं नाही.

भिंत न उघडता गळती की वाफ हे कसं ठरवावं? आत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहण्याची चाचणी कोणी करून घेतली आहे का, आणि तिचा निकाल वॉरंटीसाठी मान्य झाला का?