पार्कात राइडच्या लाइनीत मधे घुसणारे: बोलायचं की सोडून द्यायचं?

उंचपाळणा (प्रश्न)

अम्युझमेंट पार्कात नेहमी जाणाऱ्यांना विचारायचंय, राइडच्या लाइनीत तासभर ताटकळल्यावर कोणी सरळ मधे घुसलं तर तुम्ही काय करता? मी दोन्ही करून बघितलंय, गप्प बसूनही आणि बोलूनही. गप्प बसलं की घरी येईपर्यंत डोक्यात तेच फिरतं आणि बोललं की समोरचा अंगावर येतो, म्हणजे दिवसाची वाट लागायची ती लागतेच.

परवा मोठ्या कोस्टरच्या लाइनीत होतो, ती रेलिंगची नागमोडी लाइन असते ना तसली, बाहेर बोर्डावर ७० मिनिटं लिहिलेलं. आमच्या पुढे एक मुलगा एकटाच उभा, सारखा फोनवर. शेवटच्या वळणाला आलो तर हा फोनवर म्हणतो "हां आता या, जवळ आलंय" आणि पाच मिनिटांत अख्खं टोळकं हजर, रेलिंगखालून वाकत, लोकांना कोपराने बाजूला सारत, "आमचा माणूस पुढे आहे, आमचा माणूस पुढे आहे" असा जप करत. त्यातल्या एकीच्या बॅगेचा पट्टा माझ्या मुलीच्या चष्म्यात अडकून चष्मा खाली पडला, बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी म्हटलं अहो लाइन मागून आहे, तर उत्तर काय, "लाइन काय तुमच्या बापाची आहे का?" नवरा म्हणाला जाऊ दे, पोरांसमोर तमाशा नको. आजूबाजूचे सगळे ऐकत होते, एकानेही तोंड उघडलं नाही, उलट काही जण माझ्याकडेच बघत होते की ही बाई कशाला कटकट करतेय.

तर अशा वेळी नेमकं काय बोलायचं, कोणाला बोलायचं, आणि तिथल्या स्टाफला सांगून काही फरक पडतो का? "दुर्लक्ष करा" सोडून सांगा, ते घरी ऐकून झालंय.

रेलिंगला_टेकून

दहा जणांचा घोळका आत शिरून उभा राहिल्यावर बोलून फार काही होत नाही, कारण तोपर्यंत त्यांच्या डोक्यात ती जागा त्यांची झालेली असते. बोलायची वेळ म्हणजे पहिला माणूस तुमच्या खांद्याला घासून पुढे सरकतो तेव्हाची, त्याच्यामागचे अजून तुमच्या मागेच असतात. तेव्हा त्या पहिल्यालाच, त्याच्याकडे बघून, आवाज न चढवता: "दादा, शेवट तिकडे आहे लाइनीचा, दिसला नसेल तुम्हाला." दिसला नसेल म्हणायचंच, त्याला चांगलं माहीत असलं तरी. त्याला परत फिरायला सबब मिळते आणि चारचौघांत नाक कापलं जात नाही, बरेच जण पुटपुटत का होईना फिरतात. "काय लाइन आहे की नाही" असं हवेत बोललं की ते कोणालाच लागत नाही, फक्त आपलं बीपी वाढतं.

दुसरं, लाइनीत मोकळी जागा सोडू नका. फोनमधे डोकं घालून पुढे चार पावलं गॅप पडला की घुसणाऱ्याला आमंत्रणच. आम्ही घरचे एकामागे एक न राहता शेजारी शेजारी उभे राहतो, एक मोठा माणूस डाव्या रेलिंगला, एक उजव्या, मुलं मधे. हात आडवे घालून अडवायचं वगैरे अजिबात नाही, नुसतं उभं राहायचं. ज्याला जायचं असेल त्याला "जरा जाऊ द्या" म्हणावं लागतं, आणि तोंड उघडावं लागलं की निम्मे तिथेच गळतात.

आणि बाप काढला तिथे विषय संपवायचा. त्यापुढे तुम्ही बरोबर असलात तरी बघणाऱ्याला दोन भांडणारी माणसंच दिसतात.

रांगेतला_वाचक

आजूबाजूचे गप्प का बसले याचं उत्तर आहे एका जुन्या अभ्यासात. स्टॅनले मिलग्रम, तोच तो विजेच्या झटक्यांच्या प्रयोगवाला मानसशास्त्रज्ञ, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमधे मुद्दाम माणसं घुसवली आणि काय होतं ते नोंदवून ठेवलं. १९८६ साली ते छापून आलं. घुसणारा शांतपणे म्हणायचा, माफ करा मला इथे उभं राहायचंय, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे उभा. एकच जण घुसला तर साधारण निम्म्या वेळा कोणीतरी हरकत घेतली. दोघं एकदम घुसले तर मात्र नव्वद टक्क्यांच्या वर.

पुढचं जास्त कामाचं आहे. हरकत घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा घुसखोराच्या लगेच मागचाच माणूस निघाला. आणि त्याच जागी त्यांनी आपलीच दोन माणसं गुपचूप उभी केली, जी काहीच बोलणार नाहीत अशी, तर हरकतींचं प्रमाण एकदम कोसळलं. म्हणजे मागचे सगळे वाट बघतात की ज्याच्या नाकासमोर घुसला तो बोलेल, आणि तो बोलला नाही की बाकीचे धरून चालतात की ओळखीचे असतील.

म्हणून तुमच्या पुढ्यात घुसला तर ती बोलायची पाळी तुमचीच. आणि बोलायच्या आधी मागच्याला विचारा, "हे तुमच्याबरोबर आहेत का हो?" तो नाही म्हणाला की तो पण त्यात आला, मग "आम्ही इतका वेळ उभे आहोत" मधलं "आम्ही" खरं होतं.

लिव्हरमास्तर

मी काही सीझन राइडवर काम केलंय, ऑपरेटर आणि त्याआधी गेटवर उंची मोजायला, तर आतल्या बाजूचं सांगतो.

लोकांना वाटतं पॅनेलवर उभा असलेला माणूस रिकामा आहे, त्याने येऊन घुसखोराला बाहेर काढावं. तो जागा सोडूच शकत नाही. कोस्टरवर एकाच वेळी दोन-तीन गाड्या फिरत असतात, स्टेशनातली गाडी वेळेत सुटली नाही की मागची ब्रेकवर अडकून उभी राहते, वरती लोक बसलेले, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) तपासणाऱ्यांचा अंगठा वर झाला का याकडे. त्याला हाक मारून उपयोग नाही, उलट मारूच नका. सांगायचं ते दोघांना. एक, प्रवेशाच्या तोंडावर उंची मोजणारा, त्याच्याकडे बहुधा वॉकी-टॉकी असतो. आणि दुसरा, प्लॅटफॉर्मच्या आधी "किती जण? चार? तिसरी रो" म्हणत माणसं वाटणारा. हा दुसरा महत्त्वाचा, कारण त्याच्यासमोरून गेल्याशिवाय कोणालाच बसता येत नाही, तुमच्यापुढे दहा जण घुसलेले असले तरी ते शेवटी त्याच्यापुढेच येऊन थांबतात.

त्याला सांगताना गोष्ट सांगत बसू नका, त्याच्याकडे अर्धं मिनिटही नसतं. "समोरचा लाल टोपीवाला ग्रुप, शेवटच्या वळणाला रेलिंगखालून आलाय, मागच्या दोन फॅमिलींनीही बघितलंय." एवढंच. एकट्याने सांगितलं तर ते तुमचं विरुद्ध त्यांचं होतं, दोघा-तिघांनी तेच सांगितलं की आम्ही सिक्युरिटीला बोलावतो किंवा त्यांना बाजूला काढून मागच्या चार-पाच गाड्या आधी सोडतो. हा दुसरा उपाय आमचा लाडका होता, वाद नाही, काही नाही, फक्त "तुम्ही जरा इकडे थांबा". बऱ्याच मोठ्या पार्कांच्या नियमांत लाइन तोडली तर पैसे परत न देता बाहेर काढू असं लिहिलेलं असतं, पण ते रोज कोणी वापरत नाही, त्यासाठी सुपरवायझर लागतो आणि तो नेहमी पार्काच्या दुसऱ्या टोकाला असतो.

आणि एक. जे पुढे जाताना दिसतात ते सगळे घुसखोर नसतात. डिस्नेने १९९९ ला फास्टपास (ठरलेल्या वेळी वेगळ्या गेटने आत जायचं तिकीट) आणला तेव्हापासून वेगळ्या गेटने येणारी दुसरी लाइन हळूहळू बऱ्याच ठिकाणी आली, आता त्यातल्या बऱ्याच पैसे देऊन. त्या दोन लाइनी शेवटी एकत्र येतात तिथे तुमची लाइन मुंगीच्या गतीने सरकते आणि शेजारून लोक पळत जातात. शिव्या आम्ही खायचो. त्याशिवाय सिंगल रायडर वेगळा, रिकामी राहिलेली एकटी सीट भरायला. आधी कुठला गेट कसला आहे ते बघा, नाहीतर पैसे भरलेल्या माणसाशी फुकट भांडण होईल.

चालतंय_की

"दुर्लक्ष करा" नको म्हणालात तरी मी तेच म्हणणार, पण हिशेब मांडून. २४ सीटची गाडी, दर दीड मिनिटाला एक सुटते असं धरा, तासाला ४० गाड्या म्हणजे ९६० माणसं, मिनिटाला १६. दहा जण घुसले तर तुमचं नुकसान चाळीस सेकंदही नाही, फार तर एक गाडी चुकते. त्यासाठी उरलेला दिवस फुकट घालवायचा?

रेलिंगला_टेकून

@चालतंय_की हिशेब कोस्टरचा आहे म्हणून गोड वाटतोय. तोच १६ सीटच्या गोल फिरणाऱ्या राइडवर मांडा, चढ-उतर धरून चार मिनिटांची फेरी, तासाला २४० माणसं. दहा जण म्हणजे अडीच मिनिटं, आणि एकाला जमलं की मागचे चार ग्रुप बघून तेच करतात. लहान मुलांच्या राइडवर क्षमता याहूनही कमी असते आणि तिथेच आईबाप जास्त घुसवाघुसवी करतात, "लहान आहे हो तो", अरे सगळेच लहान आहेत इथे!

रांगेतला_वाचक

@चालतंय_की शिवाय सेकंद मोजून चालत नाही. डेव्हिड माइस्टरचा १९८५ चा रांगांच्या मानसशास्त्रावरचा लेख आहे, त्यात तो म्हणतो की अन्याय होत असताना वाट बघणं न्यायाने वाट बघण्यापेक्षा लांब वाटतं. ७० मिनिटं बोर्डावर वाचून आपण स्वतःच आत शिरलेलो असतो, ती कबूल असतात. वरची चाळीस सेकंदं कोणीतरी आपल्या खिशातून काढून घेतलेली असतात.

दोनपोरांची_आई

आता दुसरी बाजू ऐका, कारण मी ती "एक्स्क्यूज मी" म्हणत पुढे जाणारी बाई आहे. लाइनीत ४५ मिनिटं झाल्यावर धाकट्याला शू लागते, त्याला काय सांगू, प्लॅटफॉर्मपर्यंत थांब? नवरा आणि थोरला लाइनीत राहतात, मी याला घेऊन जाते आणि परत येते तेव्हा लोकांच्या नजरा अशा की मी दरोडा घालायला आलेय. हे आणि तुमचं टोळकं एक नाही. आम्ही चौघं लाइनीत उभे होतो, दोघं बाहेर जाऊन आलो. तिथे एक उभा होता आणि नऊ जण बाकी राइड फिरून आले, म्हणजे एका माणसाच्या पायावर दहा तिकिटं.

मी आता बाहेर पडतानाच मागच्या कुटुंबाला सांगून जाते, "याला टॉयलेटला नेतेय, आम्ही परत इथेच येऊ, चालेल ना?" आजपर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही, आणि परत येताना तेच लोक बाकीच्यांना सांगतात की या इथलेच आहेत, येऊ द्या. काही ठिकाणी लाइन सोडली की परत येताच येत नाही असा नियम असतो, तिथे गेटवर आधी विचारावं. आणि छोटं मूल उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच असतो का विचारा, एक पालक बसून येतो, तोवर दुसरा बाळाला घेऊन बाहेर थांबतो, मग त्याला परत अख्खी लाइन लावावी लागत नाही. माहीत नसल्यामुळे किती जण उगाच दोनदा उभे राहतात.

उंचपाळणा

वा, बरंच कळलं. मागच्यांना आधी विचारायचं हे डोक्यात आलंच नव्हतं. @लिव्हरमास्तर एकच, व्हिडिओ काढून दाखवला तर? नवऱ्याचं म्हणणं पुरावा असला की स्टाफला ऐकावंच लागतं.

लिव्हरमास्तर

@उंचपाळणा नका काढू. आमच्या वेळी निम्मी भांडणं लाइन तोडण्यावरून सुरू व्हायची आणि हातघाईवर यायची ती "माझा व्हिडिओ काढतोस का" यावरून, त्यात समोर लहान मुलं असली की अजून बिघडतं. आणि हातघाई झाली की सिक्युरिटी कोणी सुरू केलं ते बघत बसत नाही, दोघांनाही बाहेर नेते. लाइनीच्या वर बहुतेक ठिकाणी कॅमेरे असतात, सुपरवायझरला बघायचं असेल तर तो तेच बघेल, तुम्ही फक्त कुठल्या वळणाला आणि साधारण किती वाजता ते सांगा. धक्का लागून कोणाला लागलं असेल, काही तुटलं असेल, तर ते मात्र राइडवर बसायच्या आधी सांगा, खाली उतरेपर्यंत तो ग्रुप पार्कात पांगलेला असतो आणि प्लॅटफॉर्मवरची माणसंही बदललेली असतात.