एरंडेल नको, आधी बायोप्सी
एकाने विचारलंय, १५ दिवसांच्या बाळाचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं, चार-चार दिवस शी नाही, तर एरंडेल द्यावं का? मुळीच नाही. पहिली काळी शी ४८ तास उलटून झाली होती का, हे आधी आजीला विचारा. डिस्चार्ज कार्डावर ते सहसा नसतंच. तसं असेल तर हिर्शस्प्रुंग या जन्मजात आजाराचा संशय घ्या: आतड्याच्या भिंतीत खालच्या टोकाला चेतापेशीच नसतात, तो भाग सैल पडत नाही. या वयात बेरियम एनिमा (गुदद्वारातून बेरियम घालून काढलेला एक्स-रे) नॉर्मलही येतो. खात्री गुदाशयाच्या बायोप्सीनेच, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासूनच. तोवर नर्सकडून शिकून गुदद्वारातून नळी घालून आतडं कोमट नॉर्मल सलाइनने (दवाखान्यातलं ०.९% मिठाचं निर्जंतुक पाणी) धुवा, एका वेळी किलोमागे १० ते २० मिली. घातलं तेवढं नळीतून परत यायलाच हवं. साध्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. ताप, फुगलेलं पोट आणि घाण वासाची पातळ शी सुटली तर ‘मोकळं झालं’ समजू नका. ते आतड्याचं इन्फेक्शन, १०८ बोलवा आणि त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.