विशेष कक्षातील नोकरीनंतर आघात-केंद्रित समुपदेशन: शिक्षण कोणते घ्यावे?

माणगंगा: नमस्कार. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाल्यापासून मी पोलीस ठाण्यातील महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात काम करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांसाठी कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा, निवारागृहाची सोय हे सारे अंगवळणी पडले आहे. परंतु अर्ज निकाली निघाल्यावरही ज्या स्त्रिया दारावरच्या थापेने दचकतात आणि रात्र जागून काढतात, त्यांच्यासाठी माझ्या हाती काही नसते, ही बोच कायम आहे. आघात-केंद्रित समुपदेशन, म्हणजे हिंसेच्या मानसिक धक्क्यातून सावरायला मदत करणारे समुपदेशन, शिकून पुढे स्वतःचे केंद्र काढावे असे वाटते. शिक्षण कोणते घ्यावे आणि नोकरी केव्हा सोडावी?

रानजाई: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर (मानसिक आरोग्य क्षेत्रातील समाजकार्यकर्ता) म्हणून नोंदणी हवी असेल, तर एम.एस.डब्ल्यू.नंतर पर्यवेक्षित प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते, बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांत ते चालत आले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याची दिशा घेतल्यामुळे प्रवेशापूर्वी त्या वर्षीचे नियम अवश्य पाहावेत. ई.एम.डी.आर.सारख्या (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या) उपचारपद्धतींची प्रशिक्षणे मोलाची आहेत, परंतु ती पायाभूत शिक्षणानंतर घ्यायची असतात. केवळ शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रावर कोणाच्याही आघाताला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

निरंजना: आपल्या कक्षातील कामाची एक सवय मात्र जाणीवपूर्वक सोडावी लागेल. अर्ज लिहिताना आपण तारीख, वेळ, ठिकाण, कोणी काय केले हे क्रमाने विचारतो, कारण न्यायालयाला ते हवे असते. समुपदेशनात पहिल्याच भेटीत तसे विचारले, तर ठाण्यात आणि रुग्णालयात तेच सांगून आलेली स्त्री पुन्हा त्याच प्रसंगात ढकलली जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातातून सावरण्याच्या मांडलेल्या टप्प्यांत सुरक्षितता पहिली येते आणि आठवणींचे काम त्यानंतर. म्हणून तिला खुर्ची कुठे हवी, दार लोटलेले चालेल की उघडे ठेवावे, नवरा तिचा फोन तपासतो का, हे आधी विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व आपल्याइतके फार थोड्या चिकित्सकांना ठाऊक असते, आणि हीच आपली खरी शिदोरी आहे.

सांजवात: नोकरी एकदम सोडू नये. संस्थेची परवानगी असल्यास आठवड्यातून एखादी संध्याकाळ खोली भाड्याने घेऊन सुरुवात करावी, मात्र कक्षात आलेल्या स्त्रियांना स्वतःच्या सशुल्क केंद्राकडे कदापि वळवू नये. आपल्या समुपदेशनावर देखरेख ठेवून मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी पर्यवेक्षकाचे मानधन हा खर्च भाड्याइतकाच अटळ धरावा, आणि औषधांची गरज भासल्यास ज्यांच्याकडे पाठवता येईल असे मनोविकारतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवावेत. संमतिपत्रात गोपनीयतेच्या मर्यादा स्पष्ट लिहाव्यात: बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि हे त्या व्यक्तीला बोलणे सुरू होण्यापूर्वी माहीत असले पाहिजे.